अभ्यासक्रमातले समतानगर

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गावोगावच्या वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावे जाऊन त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे त्यात सुचवले होते. निर्णय चांगला होता. आपल्या पत्त्यात रोज जात लिहावी लागणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले आहे त्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. पुढे एकदा प्रवेशाच्या दिवसांत एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आम्ही उभे होतो. एका मुलीने अर्जावर पत्ता लिहिला होता, त्याची सुरुवात 'समतानगर' अशी होती. लिपिकाने पत्त्यावर नजर टाकली आणि खालचा प्रवर्गाचा रकाना वाचण्याआधीच जातीच्या दाखल्यासाठी हात पुढे केला. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या तोंडून एकही उणा शब्द गेला नाही. उलट 'शिष्यवृत्तीचा फॉर्म आजच भरून टाक, पोरी' असे त्याने आपुलकीने सांगितले. त्याला पत्ता कळला होता, एवढेच.

समतानगर कुठे आहे असे कोणत्याही गावाच्या थांब्यावर विचारून पाहावे. बोट गावाबाहेर जाते. गावातल्या मुख्य आळीला समतानगर म्हणावे असे कुणाला सुचले नाही, कारण तिला नव्या नावाची गरज कधी भासलीच नाही. मानवी समतेचे तत्त्व आपल्या समाजाने कितपत अंगी बाणवले आहे, ह्या प्रश्नाला गावाच्या नकाशाने दिलेले हे उत्तर आहे. तत्त्व मान्य झाले, त्याला वस्तीही देण्यात आली. फक्त वस्तीची जागा हलली नाही.

आम्ही दोघे मेढ्यात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचे बालपण गावात गेले, दुसऱ्याचे गावाबाहेरच्या वस्तीत. गावाच्या नकाशाबद्दल बोलणे आम्हांला सोपे जाते, कारण त्याला नावे ठेवायला साहित्याच्या प्राध्यापकाला काही खर्च येत नाही. म्हणून ह्या लेखात आम्हांला आमच्याच विषयाचा नकाशा तपासायचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की मराठीच्या अभ्यासक्रमात आपण गावाची शीव जशीच्या तशी उतरवून घेतली आहे, आणि तिच्या पलीकडच्या भागाला मोठ्या आदराने समतानगर असे नाव दिले आहे.

ह्यासाठी आमच्या मेढ्यापासून बरेच पूर्वेला, आटपाडीकडे जावे लागेल. आमच्याकडे जावळीत पावसाळ्यात पाऊस थांबता थांबत नाही. तिकडे माणदेशात ढग येतात आणि पुढे निघून जातात. हा मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. ह्या एका पट्ट्याने मराठीला सहा वर्षांच्या अंतराने जन्मलेले दोन लेखक दिले. शंकरराव खरात १९२१ मध्ये आटपाडीत जन्मले. व्यंकटेश माडगूळकर १९२७ मध्ये जवळच्या माडगुळ्यात. खरातांचे वडील गावकीची कामे करणारे तराळ होते. माडगूळकर गरीब, पण ब्राह्मण घरातले. माळरान दोघांचे एकच होते, दुष्काळही दोघांचा एकच. आणि काळाने एक योग असा जुळवून आणला, की १९८३ मध्ये अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माडगूळकरांकडे आले आणि पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, जळगावच्या संमेलनाचे खरातांकडे. एकाच तालुक्यातले दोन लेखक लागोपाठच्या दोन वर्षी मराठी साहित्याच्या सर्वोच्च मानाच्या खुर्चीवर बसले. व्यासपीठावरच्या समतेचा ह्याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही.

आता ह्या दोघांना आपण वर्गात कुठे बसवतो ते पाहा. माडगूळकर 'ग्रामीण साहित्य' ह्या अभ्यासपत्रिकेत. खरात 'दलित साहित्य' ह्या अभ्यासपत्रिकेत. सत्रे वेगळी, वह्या वेगळ्या, पुष्कळदा शिकवणारे वेगळे. एका गावचे दोन लेखक, आणि त्यांची मराठीच्या वर्गात एकमेकांशी गाठ पडत नाही.

लेखकांनी स्वतः ही शीव पाळली होती काय? मुळीच नाही. माडगूळकरांची 'देवा सटवा महार' ही कथा सर्वांना ठाऊक आहे. 'माणदेशी माणसे'मध्ये धर्मा रामोशी आहे. 'बनगरवाडी' ही धनगरांच्या वाडीची कादंबरी असूनही तिच्यात आनंदा रामोशी आणि आयबू आपापल्या वजनाने वावरतात. खरातांच्या एका पुस्तकाचे तर नावच 'बारा बलुतेदार' आहे. म्हणजे ज्याला आपण वस्तीचा लेखक म्हणून ओळखतो त्याने उभा गाव लिहायला घेतला होता, आणि ज्याला आपण गावाचा लेखक म्हणतो तो वस्तीपर्यंत जाऊन आला होता. दोघांनीही शीव ओलांडली. आपण दोघांनाही हाताला धरून आपापल्या घरी पोचवून आलो.

हे सोयीसाठी केलेले वर्गीकरण आहे, त्यात विषमता कसली, असे कुणी म्हणेल. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आमच्या हातून निघालेल्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसलो. माडगूळकरांवरचे प्रश्न असे होते: 'माणदेशी माणसे'मधील व्यक्तिचित्रणाचे विशेष सांगा; 'बनगरवाडी'तील निवेदनशैलीची चर्चा करा; 'बनगरवाडी'तील निसर्गाचे स्थान स्पष्ट करा. खरातांवरचे प्रश्न असे: 'तराळ-अंतराळ'मधून घडणारे दलित जीवनाचे दर्शन स्पष्ट करा, 'तराळ-अंतराळ'मधील सामाजिक वास्तव विशद करा. एकाला आम्ही कसे लिहिले ते विचारत होतो, दुसऱ्याला काय सोसले ते. एक कलावंत, दुसरा साक्षीदार. साक्षीदाराच्या भाषेचे सौंदर्य कुणी विचारत नाही; त्याची जबानी नोंदवून घेतली की काम झाले. ह्यात गंमत अशी, की खरात कायद्याचे पदवीधर, 'प्रबुद्ध भारत'चे संपादक आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते, तर माडगूळकरांना शालेय शिक्षणही पुरे करता आले नव्हते. तरीही आमच्या प्रश्नपत्रिकांत साहित्यिक ठरले माडगूळकर, आणि खरात ठरले दाखल्याचे कागद.

विद्यार्थी आमच्याहून हुशार असतात. प्रश्नाला काय हवे ते त्यांना लगेच कळते. खरातांवरच्या उत्तरांत 'वेदना, विद्रोह, नकार' ही तीन पदे ठरल्या क्रमाने येतात. गाईडमध्ये ती ठळक छापलेली असतात. 'तराळ-अंतराळ'मध्ये वडिलांना विहिरीतल्या प्रेताची राखण करावी लागते आणि शेवटी ते बाहेर काढायला त्यांनाच पाण्यात उतरावे लागते, तो प्रसंग शेकडो उत्तरपत्रिकांत आम्ही वाचला आहे. त्या प्रसंगात पोराच्या नजरेतून काय काय दिसते, भीती आणि अभिमान एकाच वेळी कसे सांगितले जातात, हाताशी भाकरी असून बापाला ती खाता का येत नाही, ह्याबद्दल एकाही उत्तरपत्रिकेत ओळ नव्हती. दोष मुलांचा नाही, आम्ही ते विचारलेच नव्हते. आणि ज्या गावच्या विहिरींना एरव्ही ह्या माणसाचा हात लागू दिला जात नसे, त्याच गावाला विहिरीत मेलेला माणूस सापडताच त्याचे हात हवेसे होतात, ह्यात जो कठोर उपरोध आहे तो निव्वळ 'सामाजिक वास्तव' ह्या शब्दांखाली गाडून टाकता येतो, हे आम्ही आमच्याच प्रश्नांनी सिद्ध केले होते.

साताऱ्यात शिकवणाऱ्यांना ही गोष्ट आधीच कळायला हवी होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजी आंबेडकरांचा मुलगा भिवा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी भाषणांना ऊत येतो; रजिस्टरातला १९१४ हा क्रमांकही वक्त्यांना तोंडपाठ असतो. पण प्रवेश मिळाल्यावर वर्गात काय घडत होते ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या नावाने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने आलेल्या त्या आठवणींत ते सांगतात, की बसण्यासाठी तरटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि शाळा सुटल्यावर परत आणावा लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. पाणी शिपाई वाढील तेव्हाच मिळे. शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ च्या उन्हाळ्यात हीच मुले वडिलांना भेटायला रेल्वेने मसूरला उतरली. कपड्यांवरून बरी वाटल्यामुळे स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला. पुढे दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान गाडीत बसेना. मुलांनी बैल हाकले, तो बाजूने चालत राहिला. वाटेत त्यांना पाणी मिळाले नाही. त्या आठवणींत एकही खलनायक नाही. शिपाई, स्टेशनमास्तर, गाडीवान, सारी आपापले काम करणारी साधी माणसे.

ही शाळा सरकारी होती. कायद्याने दार उघडले होते, नाव रजिस्टरात चढले होते. समतेची पहिली अट पुरी झाली होती. प्रवेश आणि जागा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या तरटाने जितके नेमके सांगितले तितके कोणत्याही ग्रंथाने सांगितलेले आम्हांला ठाऊक नाही. आमच्या अभ्यासक्रमात 'तराळ-अंतराळ'ला प्रवेश मिळाला आहे. बसायचे तरट मात्र त्याने स्वतःचे आणायचे, आणि तास संपला की स्वतःच घेऊन जायचे.

इथपर्यंत आम्हां दोघांचे एकमत आहे. पुढे नाही. आमच्यापैकी जो वस्तीतून आला आहे त्याचा आक्षेप असा, की स्वतंत्र अभ्यासपत्रिका कुणी दान दिलेली नाही. ती लढून मिळवलेली आहे. ती नसती तर बागूल, खरात, दया पवार ह्यांना अभ्यासक्रमात एखादे पान मिळाले असते, तेही 'इतर प्रवाह' ह्या शीर्षकाखाली. सर्वांना एकत्र वाचू या असे ज्यांचे घर आधीच चावडीजवळ आहे त्यांनी म्हणणे सोपे असते. त्या एकत्रपणात कुणाचे निकष चालतील हे ठरलेलेच असते. आणि दलित हे नाव बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी नाही. ते लेखकांनी स्वतः, जाणून घेतलेले नाव आहे.

ह्या आक्षेपाला मोठा आधार आहे, आणि तोही आमच्याच जिल्ह्याशी जोडलेला. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांनी जोतीरावांना तिचे निमंत्रण दिले. जोतीरावांनी जायचे नाकारले. ज्यांच्या मनातून सर्व माणसांचे मानवी हक्क देण्याची गोष्ट येत नाही आणि जे उघडपणे ती मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. ज्या परंपरेला आपण आज साहित्य संमेलन म्हणतो, आणि जिचे ९९वे अधिवेशन जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात भरले, तिच्या दारातच हे पत्र पडलेले आहे. समतेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने एकत्र बसायला नकार दिला होता, हे विसरून चालणार नाही. न पटणाऱ्या अटींवर एकत्र येण्यापेक्षा वेगळे राहण्यात अधिक मान असतो, असे त्याला वाटले होते.

मग स्वतंत्र अभ्यासपत्रिका ठेवावी की नाही? आम्ही ह्यावर एका पावसाळ्याचे सगळे मोकळे तास भांडण्यात घालवले. वेण्णेला पूर आला, ओसरला, आमचे भांडण चालूच होते. शेवटी आम्हांला जे उमगले ते साहित्यशास्त्रातून आले नाही. ते एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह चालवले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. आज संस्थेच्या सातशेंहून अधिक शाखा आहेत, आणि लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी मंगळसूत्र विकल्याची हकिगत आमच्याकडे प्रत्येक वार्षिक समारंभात सांगितली जाते. ती ऐकून श्रोत्यांचे डोळे पाणावतात. आमचेही पाणावतात. पण त्या पैशांतून आलेले धान्य कोणत्या चुलीवर शिजले हे कुणी सांगत नाही. ती चूल एकच होती. मुले एका पंगतीला बसत, हे तर महत्त्वाचे होतेच. त्याहून महत्त्वाचे असे, की मुले स्वतः स्वयंपाक करत, पाणी भरत, भांडी घासत, शेतात राबत.

पंगत आणि पाळी ह्यांत फरक आहे. पंगतीला यजमान असतो. त्याने मोठ्या मनाने सर्वांना बसवलेले असते, आणि मोठे मन कधीही आकसू शकते. स्वयंपाकाच्या पाळीत यजमान कुणीच नसतो. सोमवारी तुझ्या हातचे मी खाल्ले, मंगळवारी माझ्या हातचे तू खाल्लेस. त्यात उपकार कुणाचे कुणावर राहत नाहीत. एखाद्या मुलाच्या मनात जात पुसली गेली होती की नाही हे तपासायला भाऊराव बसले नव्हते. अमुक वारी भाकरी कोण थापणार एवढेच तिथे ठरलेले असे. फुल्यांनी निमंत्रण नाकारले ते पंगतीचे. साताऱ्याच्या बोर्डिंगात जे चालले होते ती पाळी होती. आमचे भांडण बहुतेक इथे मिटले. स्वतंत्र अभ्यासपत्रिका राहू द्या. नकाराचा अधिकार ज्याने मिळवला आहे त्याच्याकडे तो असू द्या. पण ग्रामीण साहित्याच्या तासाला खरातांची पाळी आली पाहिजे, आणि दलित साहित्याच्या तासाला माडगूळकरांची. खरातांनी दिलेल्या निकषावर माडगूळकर वाचले गेले पाहिजेत. उलट दिशेने तर आपण हे नेहमीच करत आलो आहोत.

(सहकारी म्हणतील, अभ्यासक्रम आधीच पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे. खरे आहे. आम्ही 'ग्रामीण साहित्याची संकल्पना व स्वरूप' ह्यावरचे चार तास कापले. कुणाचेही काही बिघडले नाही.)

त्या चार तासांत आम्ही 'बनगरवाडी'ची सुरुवात आणि 'तराळ-अंतराळ'मधला विहिरीचा प्रसंग एकामागोमाग वाचला. दोघेही वर्गात उभे होतो. एक वाचत होता, दुसरा थांबवत होता. आमची मुले केळघर, कुसुंबी, करहर, कुडाळ ह्या बाजूंनी येतात. निम्म्यांचे वडील किंवा चुलते मुंबईत माथाडी. दुष्काळ त्यांनी फक्त पुस्तकात वाचलेला. पहिल्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, 'सर, त्या मास्तरला वाडीत पाणी कोण देत असंल? आणि त्याच्या जागी खरातांचे वडील तिथं गेले असते तर?' आम्ही 'बनगरवाडी' किती वर्षे शिकवत आलो आहोत ह्याचा हिशेब इथे देत नाही, पण हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. प्रश्नामुळे कादंबरी लहान होत नाही. तरुण मास्तर पहाटे एकटाच वाट तुडवत अनोळखी वाडीकडे निघतो, त्याला सगळेच नवे असते, वाडी त्याला हळूहळू आपले म्हणते, ही त्या कादंबरीची गोडी आहे तशीच राहते. फक्त आपलेसे होण्याची ती वाट कुणाला मोकळी होती आणि कुणाला नव्हती, हे प्रथमच दिसू लागते.

दुसऱ्या तासाला एका मुलीने सांगितलेली गोष्ट आम्हांला अधिक विचारात पाडणारी होती. तिच्या आजीच्या लहानपणी गावात दोन पाणवठे होते. माणदेशात पाण्याची टंचाई होती म्हणून माणसे पाण्यावर पहारा ठेवत असतील, अशी आम्ही समजूत करून घेतलेली. पण ह्या मुलीचे गाव जावळीतले. पावसाळ्यात भिंतींतून पाणी पाझरते असे. तिथेही पाणवठे दोन होते. म्हणजे टंचाईचा ह्याच्याशी संबंध नव्हता. वर्गातल्या कुणीतरी विचारले, 'आता?' ती म्हणाली, 'आता नळ आलेत घरोघर. आता कोण कुणाच्या पाण्याला जात नाही.' वर्गाला हे उत्तर समाधानाचे वाटले. आम्हांलाही क्षणभर वाटले. मग लक्षात आले, की पाणवठ्याचा प्रश्न सुटण्याऐवजी पाणवठाच नाहीसा झाला. १९२७ मध्ये महाडला ज्या कृतीसाठी हजारो माणसे चालत गेली, ती एका पाण्याला सगळ्यांचे हात लागण्याची कृती आमच्या गावांत घडायची राहून गेली, आणि आता तिची गरजही उरली नाही. नळ ही उत्तम सोय आहे; बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला हे थोडेथोडके नाही. पण तिला समता म्हणण्याआधी स्मशानभूमीकडे पाहावे लागेल. तिथे नळयोजना पोचलेली नाही. आम्ही वर्गात विचारले, तुमच्या गावात स्मशानभूमी किती? बराच वेळ कुणी बोलले नाही. नंतर एकेक हात वर होऊ लागला, आणि बोटे दोन होती.

हा सगळा प्रयोग फार यशस्वी झाला असे आम्हांला भासवायचे नाही. दोन मुलींनी तास संपल्यावर येऊन सांगितले, की अशा विषयावर वर्गात बोलणे त्यांना अवघड जाते. आजवर आपापल्या घरी ज्या गोष्टी बोलल्या जात त्या इथे सर्वांसमोर आल्या. त्यांतली एक समतानगरची होती. तिला वाटत होते, की 'तराळ-अंतराळ' वाचले जात असताना सगळा वर्ग तिच्याकडे पाहतो आहे. ह्या तक्रारीवर आमच्याकडे चांगले उत्तर नव्हते. पुढच्या तासाला आम्ही 'बारा बलुतेदार' घेतले आणि सांगितले, की आज प्रत्येकाने आपापल्या घराण्याला ह्या गावात कुठे उभे राहावे लागले असते ते मनातल्या मनात शोधायचे. पाहण्याची पाळी मग सर्वांवर आली. त्या दिवशी ती मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. ती योगायोगाने बसली असेल. आम्ही त्याचा अर्थ लावत नाही.

अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही वीस गुणांचा एकच प्रश्न दिला: माडगूळकर आणि खरात ह्यांच्या लेखनाच्या आधारे माणदेशातल्या एका गावाचा नकाशा काढा; प्रत्येक निवेदक त्या नकाशात कुठे उभा आहे, तेथून त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, ते त्याच्या भाषेच्या आधारे लिहा. काही मुलांनी खरोखरच नकाशे काढले, पट्टीने, रंगीत पेनांनी. 'वेदना, विद्रोह, नकार' एकाही उत्तरात आले नाही. गाईडमध्ये ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते हे त्याचे कारण असावे. एका मुलाने उत्तर लिहिण्यापूर्वी विचारले, 'सर, हे ग्रामीणच्या वहीत लिहायचं का दलितच्या?' आम्ही त्याला सुटा कागद दिला.

असाच एक प्रश्न आम्ही पुढे एका परीक्षा-समितीकडे पाठवला होता. दोन अभ्यासपत्रिकांतील पुस्तके एका प्रश्नात घेता येत नाहीत, असे उत्तर आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. दोन्ही अभ्यासपत्रिका स्वतंत्र ठेवून प्रत्येकीत दुसरीचे एक पुस्तक लावावे, अशा आशयाचा मसुदा आता आम्ही तयार केला आहे. त्यावर सध्या आम्हां दोघांच्याच सह्या आहेत. सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या ज्या सहकाऱ्यांना तो वाचावासा वाटेल, आणि वाचून खोडावासा वाटेल, त्यांच्यासाठी त्याची प्रत मेढ्यात ठेवलेली आहे.